पंगत उठेपर्यंत

परभणी जिल्ह्यात बन्सीधर सरांना ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो कालच बदलून आलेला असतो. सर पिंगळीच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण लोकांना ते ठाऊक आहेत सूत्रसंचालक म्हणून. जयंती असो, लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, माईक सरांच्याच हातात. त्यांचा नियम एकच: स्टेजवर रिकामी जागा पडू द्यायची नाही. पाहुण्यांची गाडी अडकली, हार यायचे राहिले, वीज गेली, तरी सर बोलत राहणार. श्रद्धांजलीच्या सभेत दोन मिनिटांचं मौन जाहीर करायचे तेच, आणि अर्ध्या मिनिटात "ओम शांती" म्हणून लोकांना खाली बसवायचेही तेच. स्वतःच्या वडिलांच्या सभेतही त्यांनी तसंच केलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. राहिलं फक्त त्यांच्या मुलीच्या.

मुलगी निकिता. पुण्याला गाणं शिकायला गेली, तिथं फ्रेंच शिकली आणि तिथून फ्रान्समधल्या लियों शहरात जाऊन फ्रेंच गाणं शिकली. आता ती तिकडेच गात होती. या जानेवारीत ती तीन साथीदारांना घेऊन आली. हैदराबादला एक कार्यक्रम आणि पुण्याला एक, असं ठरलेलं होतं. मधल्या दिवशी परभणीला उतरायचं, हा हट्ट निकिताचा.

तिघांत मोठी होती क्लेअर. गुडघ्यांत धरून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन, सेलो, तिच्याकडे होतं. दुसरी मुलगी व्हायोलिन वाजवायची. तिसरा उंच, शांत माणूस, त्याच्याकडे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि खर्जातलं वाद्य, व्हिओला.

सकाळी सगळे पिंगळीच्या शेतात हुरडा खायला बसले होते. शेत सरांच्या थोरल्या बहिणीचं, कस्तुराबाई आक्कांचं. गावातलं बायकांचं भजनी मंडळ त्याच चालवतात. आगटीतून काढलेली कणसं हातावर चोळून त्या पाहुण्यांच्या पानात टाकत होत्या आणि क्लेअरला मराठीतूनच दटावत होत्या.

"खा गं बाई, लाजू नको. एवढं मोठं वाजंत्री उचलायलीस, ताकद नको का?"

क्लेअरला एक शब्द कळला नाही, पण तिनं पान पुढं केलं.

निकिता वडिलांना घेऊन बांधावर गेली.

"पप्पा, संध्याकाळचं नीट ऐका. पहिल्यांदा हे तिघं वाजवणार. एकच रचना आहे, पण तिचे भाग चार. भाग संपला की ते थांबतात. पान उलटतात, श्वास घेतात. तेवढ्यात कुणी बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. ती थांबलेली जागापण त्या रचनेतलीच असते."

"समजलं."

"नंतर मी गाणार. शेवटचं गाणं लय हळू संपतं. आवाज बंद झाला तरी गाणं चालू असतं. मी हात खाली घेईपर्यंत चालू असतं. ती शांतता मोडली तर गाणं अर्धं राहिलं."

"अगं, मी पस्तीस वर्षं स्टेज सांभाळायलोय."

"तेच तर." निकिता हसली नाही. "आजोबांच्या वेळेस मी मोजत होते, पप्पा. तुमी दोन मिनिटं म्हणलात अन् लगेच ओम शांती केलं. मला आजोबांशी बोलायचं होतं तेवढ्यात. राहून गेलं."

सरांनी एक ढेकूळ पायानं फोडलं.

"मी तिकडं हे गाणं खूप ठिकाणी गायलेय," ती म्हणाली. "लोक ऐकतात, छान म्हणतात. पण माझी माणसं ऐकतील का, हे मला एकदा बघायचंय. जमलं तर दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत यांना घेऊन येईन. नाही जमलं, तर परत घरच्या लोकांपुढं हे गाणार नाही. रुसून नाही म्हणत. दोन्हीकडे अर्धं अर्धं गाण्यात जीव नाही लागत."

"न्हाई बोलणार मी मधी," सर म्हणाले. "शब्द दिला."

पलीकडून आक्कांचा आवाज आला. "बन्सी गप बसणार? अय्या, मग आज सूर्य कुठं मावळायलाय ते बघायला पायजे!"

कार्यक्रम वसमत रोडवरच्या दत्तरावांच्या मंगल कार्यालयात होता. दत्तरावांनी हॉल दिला होता, सतरंज्या आणि खुर्च्या दिल्या होत्या आणि नवरा-नवरीची मखमली सिंहासनंही स्टेजवरून काढून ठेवली होती. बदल्यात त्यांनी काही मागितलं नव्हतं. मागायची गरजही नव्हती. परभणीत हॉल देणाऱ्याच्या हस्ते पाहुण्यांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फेटा. ते सांगावं लागत नाही. पाच शाली आणि फेट्यांचं कापड घेऊन दत्तराव पहिल्या रांगेत बसले होते, आणि फेटा बांधणारा माणूस दाराजवळ तयार होता.

"सर, सत्कार कधी घ्यायचा?" त्यांनी विचारलं.

"शेवटी घेऊ, दत्तराव."

"शेवटी लोक चपला शोधायला लागतेत. मधी कुठंतरी बसवा. मी खूण करतो."

सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिथंच चूक झाली.

हॉल भरला. कार्यक्रमाला तिकीट नव्हतं आणि परदेशातली माणसं येणार होती, म्हणून बरेच जण आले. शिक्षक आले, कॉलेजची मुलं आली, दत्तरावांचे पाहुणेरावळे आले. आक्कांचं भजनी मंडळ टेम्पोतून आलं आणि डाव्या बाजूच्या सतरंजीवर बसलं. थंड पाण्याची मशीन घरघरत होती, ती निकितानं बंद करवली. वादकांसाठी माईक लावायचा नाही, हे ऐकून साउंडवाल्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. एकच बिनवायरचा माईक ठेवला होता, सरांसाठी.

सरांनी सुरुवातीला अगदी थोडक्यात आटोपलं. त्यांच्या मानानं ते मौनच होतं.

मग वाद्यं सुरू झाली. पहिला भाग भरभर चालणारा होता. व्हायोलिन पुढं पळायचं, व्हिओला मागून गाठायची आणि सेलो खालून दोघांना धरून ठेवायचा. पहिली काही मिनिटं लोक नुसते बघत होते. गज कसे वरखाली जातात, तिघं एकमेकांकडे कसं बघतात. मोबाइल वर झाले. एक लेकरू रडलं आणि बाहेर नेलं गेलं. हळूहळू मोबाइल खाली आले. सरांना ते विंगेतून दिसलं आणि ऊर भरून आला.

पहिला भाग संपला. तिघांचे गज हवेत तसेच राहिले. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरल्या. क्लेअरनं पान उलटलं.

आणि स्टेजवर रिकामी जागा पडली.

दत्तरावांनी पहिल्या रांगेतून बोट वर केलं. सरांनी ते पाहिलं. पस्तीस वर्षांची सवय पायांत असते, डोक्यात नसते. सरांना कळायच्या आत ते स्टेजच्या मधोमध उभे होते आणि त्यांचाच आवाज त्यांच्या कानावर पडत होता.

"अप्रतिम! केवळ अप्रतिम! सातासमुद्रापलीकडून आलेल्या या कलावंतांचा सत्कार आता आपल्या परभणीचे भूषण, सन्माननीय दत्तराव यांच्या शुभहस्ते..."

निकिता विंगेत उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

पुढचं सगळं आपोआप घडलं. दत्तराव वर चढले, त्यांच्या मागून त्यांचे दोन मेहुणे, फोटोवाला आणि फेटेवाला. गज हातात धरूनच तिघांनी शाली घेतल्या. क्लेअरच्या मांडीवर नारळ ठेवला गेला. तिनं तो सेलोवर आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि विचारल्यासारखं निकिताकडे पाहिलं. उंच माणसाला फेटा बांधायला फेटेवाल्याला खुर्चीवर चढावं लागलं. लोक खूश झाले. गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी चहाचं विचारलं. मघाशी जमलेलं सगळं विस्कटलं, आणि ते विस्कटणारा माणूस हातात माईक घेऊन उभा होता.

दत्तराव खाली उतरले तेव्हा सर विंगेकडे गेले.

"निकू..."

"तीन भाग राहिलेत, पप्पा." तिचा आवाज अगदी सरळ होता. राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "राहू द्या. ते वाजवतील. मी दोन गाणी म्हणते अन् थांबते. शेवटचं नको."

"शेवटचं म्हण."

"कुणासाठी?"

सरांनी वळून लोकांकडे पाहिलं. हॉलमध्ये कालवा वाढत होता. तो बंद कसा करायचा, हे मात्र जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. ते परत स्टेजच्या मधोमध गेले.

"मंडळी," ते म्हणाले, "जराशीक माझ्याकडं बघा. आज एक मोठी चूक झाली. ती माझी हाय."

सरांना स्टेजवरून घरची बोली बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. हॉल गप्प झाला.

"पंगत बसलेली हाय असं समजा. तुमी पहिला भात खाल्ला. वाढपी पोळी आणायला आत गेला. तेवढ्यात पानावरच हात धुऊन कुणी उठतं का?"

"न्हाई!" भजनी मंडळानं एका सुरात सांगितलं.

"का न्हाई?"

"बाजूच्याचा अपमान होतो," कुणीतरी मागून म्हणालं.

"बरोबर. आता ह्या पाहुण्यांनी चार पदार्थ आणलेत. एक झाला. मी मधीच उठून सगळ्यांच्या हातावर पाणी वतलं." लोक हसले. सर हसले नाहीत. "अजून तीन हायेत, अन् त्यावर गोड म्हणून माझ्या लेकीचं गाणं. वाढपी थांबला तर आपण थांबायचं. पंगत उठेपर्यंत कुणी हात धुवायचा न्हाई. टाळी म्हणजे हात धुणं. समजलं?"

"आन् आमाला कळणार कसं, पंगत उठली ते?" आक्कांनी विचारलं.

"ह्यांच्या हातातला गज खाली आला की उठली. निकिताचे हात खाली आले की उठली."

"आन् तूच मधी बोललास तर?"

हॉलमध्ये खसखस पिकली. सर स्टेजच्या डाव्या पायऱ्या उतरले, सतरंजीपर्यंत गेले आणि माईक आक्कांच्या हातात दिला.

"हा घे. मागितला तरी देऊ नको."

कस्तुराबाईंनी माईक उलटापालटा करून पाहिला, पदरात गुंडाळला आणि पदराचं टोक कमरेला खोचलं.

"आता माग. बघ, देते का."

सर तिथंच आक्कांच्या शेजारी सतरंजीवर बसले. कार्यक्रमात लोकांमध्ये बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचेना.

क्लेअरनं नारळ खुर्चीखाली सरकवला. तिनं फेटा काढला नाही. तिचं पाहून बाकीच्या दोघांनीही काढला नाही. तीन फेटे खाली झुकले आणि दुसरा भाग सुरू झाला.

हा संथ होता. सेलो एकटाच लांबवर बोलत गेला, जणू शेतात एक माणूस दुसऱ्याला हाक मारतोय आणि दुसरा ऐकू येण्याइतका जवळ नाही. मग व्हिओलानं ओ दिली. भाग संपला. गज हवेत थांबले. मागच्या रांगेत कुणाची तरी एक टाळी वाजली, एकच, आणि चारी बाजूंनी "श्शऽऽ!" झालं.

"ए हात धुव्या!" कॉलेजची मुलं कुजबुजली. हसू दाबलं गेलं. आणि मग शांतता झाली.

क्लेअरनं पान उलटलं. त्या कागदाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

तिसरा भाग नाचरा, छोटा. तो संपला तेव्हा कुणालाच दटावावं लागलं नाही. सगळा हॉल हात मांडीवर ठेवून थांबला होता, वाढप्याच्या वाटेकडे डोळे लावून. उंच माणसानं लोकांकडे एकदा पाहिलं आणि क्लेअरकडे बघून भुवया उंचावल्या. चौथा भाग त्यांनी ज्या जोरात सुरू केला, तो जोर हैदराबादला नव्हता, असं निकितानं नंतर सांगितलं. शेवटचा सूर तिघांनी एकदम ओढला आणि गज खाली आले. मग मात्र लोकांनी हात धुतले. कार्यालयाच्या पत्र्यावरची पाखरं उठली इतके धुतले.

निकिता पुढं आली. ती दोन गाणी गायली. दर गाण्याआधी तिनं अर्थ सांगितला, तोही घरी सांगावा तसा. पहिल्या गाण्यात एक प्रवासी सावलीत झोपतो आणि त्याला घरचं स्वप्न पडतं. दुसऱ्यात एक बाई आरशाशी भांडते. दुसऱ्या गाण्याला बायका मनापासून हसल्या. भाषा कळत नव्हती, भांडण कळत होतं.

मग ती थांबली. साथीदार तिच्याकडे बघत होते. इथंच संपवायचं, असं तिनं त्यांना सांगितलं असणार. तिची नजर सतरंजीवर गेली. वडील मांडी घालून बसले होते, दोन्ही हातांच्या मुठी तोंडावर धरून.

"अजून एक आहे," निकिता म्हणाली. "शेवटचं. आपल्या गंगेच्या, गोदावरीच्या काठावर समजा. संध्याकाळ झालीय. एक बाई कंदील घेऊन घाटावर उभी आहे. तिचा माणूस पलीकडे गेलाय. अंधार पडतो, नाव दिसत नाही. मग ती वल्ह्याचा आवाज येतो का म्हणून कान देते. गाणं तिथंच संपतं. तो आला का नाही, गाण्यात नाही. तुमीच तिच्यासोबत कान द्यायचा."

ती गायली. आवाज मोठा केला नाही. तिच्यापुढं माईक नव्हता, म्हणून लोक पुढं झुकले. पाणी, कंदील, वारा यांचे फ्रेंच शब्द कुणाला ठाऊक नव्हते, पण गळा कुठं भरतो आणि कुठं आवरतो ते परभणीच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेवटच्या ओळीला व्हायोलिन थांबलं. मग व्हिओला. सेलोचा एक सूर उरला, तो बारीक होत होत कधी गेला ते सांगता आलं नसतं. निकिता दोन्ही हात किंचित पुढं धरून उभी होती. पलीकडच्या काठाकडे बघत.

कुणी हललं नाही.

सरांना ती दिसली: रिकामी जागा. समोर, उघडी, सगळ्यांच्या देखत. जीभ आपोआप टाळ्याला लागली. धन्यवाद, अप्रतिम, यानंतर... सगळे शब्द दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मुठी तोंडावर आणखी घट्ट धरल्या. पहिल्या रांगेत दत्तराव पुष्पगुच्छ घेऊन अर्धे उठले. सरांनी बसल्या जागेवरून त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं, की दत्तराव तसेच, अर्धे उठलेले, थांबले. मग हळूच परत बसले.

लांबून रेल्वेची शिट्टी आली. कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं. आक्कांनी डोळे मिटले होते. शेजारच्या म्हातारीनं मान तिरकी केली होती, खरंच काही ऐकू येतं का म्हणून. आणि त्या शांततेत सरांना आपले वडील आठवले. खोकल्याचा आवाज, पान कुटायचा आवाज, "बन्सी, आलास का रे?" अशी ओसरीवरून येणारी हाक. त्या दिवशी त्यांनी इतकी घाई का केली होती, ते त्यांना आता कळलं. गप्प बसलं असतं तर ही हाक ऐकू आली असती. आज ती आली, आणि त्यांनी ती ऐकून घेतली. गालावरून पाणी गेलं. ते त्यांनी पुसलं नाही. हलायचं नव्हतं.

निकितानं हात खाली घेतले.

तरी कुणी टाळी वाजवली नाही. हॉल सरांकडे बघत होता. पंगत त्यांनी बसवली होती, उठवायचीही त्यांनीच. सरांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बन्सीधर सरांना बोलता येईना.

तेव्हा कस्तुराबाईंनी कमरेचा पदर सोडला, माईक बाहेर काढला आणि तोंडाच्या अगदी जवळ धरला.

"झालं गं माय! धुवा आता हात!"

आणि हॉल उठला. खुर्च्या मागे सरकल्या, सतरंजीवरच्या बायका उभ्या राहिल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. क्लेअर फेटा सावरत हसत होती आणि रडत होती. दत्तराव पुष्पगुच्छ काखेत धरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. "वन्स मोअर" झालं, पण निकितानं मान हलवली. ते गाणं दुसऱ्यांदा म्हणता येत नाही.

ती स्टेजवरून खाली उडी मारून आली. पायऱ्या होत्या, तरी उडी मारून आली.

"पप्पा," ती म्हणाली, "किती वेळ झाला असेल? माझे हात दुखायला लागले होते."

सरांच्या मनगटावर घड्याळ होतं. कार्यक्रमात त्याच्याकडे दर मिनिटाला बघायची त्यांना सवय. आज त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. त्यांनी नुसते हात पसरले. निकितानं त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

दत्तराव गर्दीतून वाट काढत आले.

"सर, पुढच्या जानेवारीत लग्नाची तिथी कोणतीबी असो, हॉल पोरीसाठी ठेवला. अन् सत्कार शेवटी. लोकांनी चपला शोधल्या तर शोधू द्या." मग ते जरा घुटमळले. "आता आभार तर मानायचे ना? तेवढं तरी बोला."

सरांनी आक्कांपुढं हात केला.

"दे गं माईक."

कस्तुराबाईंनी माईक परत पदरात गुंडाळला.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या आणि टेम्पोकडे चालू लागल्या.